चोपडी सापडली, चाल निसटली

जून १९०९ मध्ये नाशिकच्या सेशन कोर्टाने गणेश दामोदर सावरकर, म्हणजे बाबाराव, यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मालमत्ता जप्त करण्याचा हुकूमही झाला. कलमं दोन होती. एक १२१, बादशहाविरुद्ध युद्धाला चिथावणी देण्याचं. दुसरं १२४ अ, राजद्रोहाचं. हा सगळा आरोप उभा होता गाण्यांच्या एका लहानशा चोपडीवर. तिचं नाव ‘लघु अभिनव भारतमाला’. १९०८ च्या सुरुवातीला बाबारावांनी ती छापून काढली होती. तिच्यातल्या चार कवनांवर सरकारने बोट ठेवलं होतं.

ही हकीकत राजकीय इतिहासात पुष्कळदा सांगून झाली आहे. शिक्षा न्याय्य होती का, कट होता का, कोणाचा हात कुठे होता, याचा काथ्याकूट इथे करायचा नाही. मला यातली एकच गोष्ट बरीच वर्षं छळते आहे. सरकारने गाण्यावर खटला भरला तेव्हा गाणं म्हणजे काय वस्तू होती? आज गाणं म्हटलं की आपल्यासमोर एक विशिष्ट आवाज येतो, अमक्या गायकाचा, तमक्या संगीतकाराचा. १९०८ साली नाशिकच्या गल्लीत असं काही नव्हतं. ग्रामोफोन कंपनीची माणसं १९०२ मध्ये कोलकात्यात येऊन ध्वनिमुद्रण करून गेली होती आणि आपली चोपडी निघाली त्याच वर्षी तिकडे सियालदहला तबकड्या दाबण्याचा कारखानाही निघाला. पण तबकडीवर तेव्हा जेमतेम तीन-चार मिनिटं मावत आणि ती वाजवायचं यंत्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात असे. तिळभांडेश्वर गल्लीतलं गाणं तोंडातून तोंडात जात होतं.

गल्ली आणि कवी

गाणी लिहिणारा माणूस त्याच परिसरातला. गोविंद त्र्यंबक दरेकर, जन्म १८७४, मृत्यू १९२६. कवी गोविंद म्हणून पुढे ओळखले गेले, पण ओळखीचे लोक आबा म्हणत. लहानपणीच्या आजारात पाय गेले होते. स्वतःच्या पायांनी गल्लीचं टोक गाठणं ज्याला शक्य नव्हतं, त्याची कवनं गावभर फिरत होती. मित्रमेळ्यात, म्हणजे सावरकरांच्या क्रांतिकारी तरुण मंडळात, येण्याआधी आबा लावण्या रचत. तेव्हाच्या लेखनात हे जरा अवघडून सांगितलेलं असतं, जणू चिखलातून कमळ वर आलं. मला नेमकं उलटं वाटतं. लावणी रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की येते. शब्द कागदावर कसा दिसतो याला तो फारशी किंमत देत नाही. डफ-तुणतुण्याच्या गजरात मागच्या माणसाला तो कळला पाहिजे आणि मागून साथ धरणाऱ्या झीलकऱ्याला पहिल्या फटक्यात उचलता आला पाहिजे, एवढंच तो पाहतो. ही तालीम नसती तर आबांची देशभक्तीपर कवनं मासिकात पडून राहिली असती.

नाशिकला या परंपरेचं वावडं नव्हतंच. सिन्नर तालुक्यातलं वावी हे पेशवाईतल्या शाहीर परशरामाचं गाव. हा जातीने शिंपी. शेजारी संगमनेरला अनंत फंदी. या शाहिरांची कवनं ‘बाडां’त उतरवलेली असत. एखाद्या फडाचं बाड म्हणजे त्याची जहागीर, दुसऱ्या फडाला ते दाखवायचं नाही. आणि कवन चोरीला जाऊ नये म्हणून शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफलेलं. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि अॅक्वर्थ साहेब यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापले, तेव्हा लोकांना पहिल्यांदाच पोवाडा डोळ्यांनी एकगठ्ठा वाचायला मिळाला. तोवर तो कानांचा ऐवज होता.

शिवाय गावाचा रोजचा आवाज वेगळाच. पहाटे जात्याची घरघर आणि त्यावर ओव्या. थोड्या वेळाने वासुदेव. काळाराम मंदिरात कीर्तन, गोदेच्या घाटावर भजन, पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या, चैत्रात सप्तशृंगीच्या वाटेवरचे लोक, आणि घरी गोंधळ असला की संबळ. यातलं कुठलंही गाणं ऐकायला तिकीट नव्हतं आणि कुठलंही गाणं नुसतं ऐकण्यासाठी नव्हतं. दळायचं म्हणून ओवी, चालायचं म्हणून अभंग, कुळाचार म्हणून गोंधळ. काम थांबलं की गाणं थांबे. त्या काळच्या गाण्याबद्दल लिहिताना ‘लोकप्रिय’ हा शब्द मला म्हणूनच थोडा खटकतो. ओवी कोणाला ‘प्रिय’ होती का? दळण कोणालाच प्रिय नव्हतं.

मेळा

मित्रमेळा सुरू झाला तो १८९९-१९०० च्या सुमारास. १९०४ मध्ये त्याचं ‘अभिनव भारत’ झालं. नावात ‘मेळा’ आहे यात एक सोय होती. गणेशोत्सवात गाणी म्हणत हिंडणाऱ्या मुलांच्या टोळीलाही मेळाच म्हणत. सार्वजनिक गणेशोत्सवाने १८९३-९४ नंतर जोर धरला आणि गावोगाव असे मेळे निघाले. त्या गर्दीत आणखी एक मेळा, कोणाच्या डोळ्यावर येणार?

मेळा चाले कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण सगळा खटला ज्या वस्तूवर चालला तिची घडण इथली. श्रावणात तालमी सुरू होत. आठ-दहा वर्षांच्या पोरांपासून मिसरूड फुटलेल्यांपर्यंत वीस-पंचवीस जण, एखाद्या वाड्याच्या चौकात किंवा ओसरीवर. वाचता येणारा एक जण ओळ टाकी. बाकीचे ती ओढून घेत. पाच वेळा, सात वेळा. पहिल्या दिवशी धृपद आणि एक कडवं, बस. दुसऱ्या दिवशी पोरं ते विसरून आलेली असत, मग परत. चौथ्या-पाचव्या दिवशी कागदाचं काम संपे. जो शब्द पोरांच्या तोंडात बसत नसे, लांबलचक संस्कृत समास वगैरे, तो या तालमीतच झिजून दुसरा होई, आणि कवी समोर बसला असेल तर तोही मान डोलवी. उत्सवात मग फेटे, उपरणी, टिपऱ्या नाहीतर लेझीम, झांजा, ढोलकी, जमल्यास पेटी. घरोघरच्या आणि चौकातल्या गणपतीपुढे थांबायचं, दोन पदं म्हणायची, हातावर गूळ-खोबरं पडलं की पुढे. दहा दिवसांत तीच पदं तीच पोरं शे-दोनशे वेळा म्हणत. समोरच्या ओट्यावर, वर माडीच्या खिडकीत, पाणवठ्याच्या वाटेवर जे कोणी उभे असत, त्यांना तिसऱ्या दिवशी धृपद येऊ लागे.

मेळ्यात मुलगेच. बायका खिडकीत. पण खिडकीतून जे आत जाई ते दुसऱ्या दिवशी जात्यावर निघे. माझी आजी जुन्या नाशकात वाढलेली. तिच्या लहानपणच्या मेळ्यातली दोन पदं तिला म्हातारपणापर्यंत येत होती, तीही ओवीच्या सुरात. मूळ चाल काय होती विचारलं तर म्हणे, “हीच की.” मी खूप दिवस समजत होतो की ती विसरली आहे. ती विसरली नव्हती. तिच्या दृष्टीने गाणं म्हणजे शब्द, आणि शब्द ज्या सुरावर बसतील तो सूर.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. मेळ्याचा साचा, म्हणजे एकसारख्या पोशाखातली टोळी, पुढे म्होरक्या, चौकाचौकात थांबून गाणं, हा मोहरमच्या मिरवणुकीतल्या टोळ्यांशी इतका जुळतो की तो कुठून आला हे वेगळं सांगायला नको. १८९३ पर्यंत महाराष्ट्रात कितीतरी हिंदू घरं ताबुतांच्या मिरवणुकीत हौसेने जात, नवस करत, सोंगं घेत. त्या साली ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली आणि पुढच्या वर्षीच्या पुण्यातल्या मेळ्यांच्या पदांत ‘ताबुतांना जाऊ नका’ हा उपदेश ठासून आला. साचा त्यांच्याकडून घेतला आणि त्याच साच्यातून त्यांच्याकडे पाठ फिरवायचं गाणं काढलं. मेळ्यांचं कौतुक करणारी बरीच लिखाणं हा भाग गाळतात. मला ती अर्धी वाटतात. चाल कोणाच्याही बाजूने लढते, हे पुढच्या गोष्टीसाठीही ध्यानात ठेवलेलं बरं.

एक ओळ, बारा अक्षरं

चार कवनांपैकी एकाची ओळ आजही लोकांच्या तोंडी आहे: ‘रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले’. बाबारावांची शिक्षा आणि ही ओळ यांची नावं जोडीनेच घेतली जातात.

ही ओळ बोटांवर मोजून पाहा. र-णा-वी. ण-स्वा-तं. त्र्य-को-णा. मि-ळा-ले. प्रत्येक तुकडा लघु-गुरू-गुरू. शाळेत गण पाठ केले असतील तर ‘यमाता’. असे चार ‘य’ गण म्हणजे भुजंगप्रयात. पाच मात्रांचा एक झोका, असे चार झोके, की ओळ संपली.

आता भुजंगप्रयात म्हटल्यावर मराठी घरात सगळ्यात आधी काय आठवतं? मनाचे श्लोक. दोनशे पाचच्या दोनशे पाच श्लोक याच वृत्तात. रामदासांनी ज्या टाकळीला बारा वर्षं तपश्चर्या केली असं परंपरा सांगते, ती टाकळी नाशिकच्या कुशीत, नंदिनी गोदावरीला मिळते तिथे. रामदासी झोळी घेऊन दारोदार फिरत ते हेच श्लोक म्हणत. संध्याकाळी दिवेलागणीला पोरांना पाटावर बसवून शुभंकरोतीनंतर म्हणायला लावत तेही हेच. म्हणजे १९०८ सालच्या नाशकात सात-आठ वर्षांच्या कोणत्याही मुलाच्या जिभेला हा झोका आधीच बसलेला होता. रणावीणची ओळ ज्याच्या कानावर पडली, त्याला चाल शिकवण्याची गरज नव्हती. अर्धं गाणं त्याच्याकडे होतंच. कवीने फक्त उरलेलं अर्धं पोचवलं.

याची मी एक बाळबोध चाचणी घेतली. मागच्या गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीतली चार पोरं घरी खेळायला आली होती, त्यांतल्या दोघांना शाळेतून मनाचे श्लोक पाठ. मी ही ओळ एका कोऱ्या कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवली, चाल न सांगता, आणि म्हटलं, म्हणा. श्लोक येणाऱ्या दोघांनी पहिल्याच खेपेला ती डोलत म्हटली, श्लोकाच्या सुरात, ‘मिळाऽऽले’वर तसंच थांबून. बाकी दोघांनी ती धडा वाचल्यासारखी वाचली. मग दोन मिनिटांत तेही डोलायला लागले, कारण शेजारचा डोलत होता. हात मात्र चौघांचे मोकळे नव्हते, एकाच्या हातात चकलीचा तुकडा होता आणि तो झोक्याच्या पहिल्या गुरूवर चकली मांडीवर आपटत होता. ताल कोणी शिकवला नव्हता.

आणखी एक बारीक गंमत. ही ओळ हल्ली बऱ्याच ठिकाणी ‘रणाविण’ अशी छापतात, वि ऱ्हस्व. वृत्त मोडतं. पण मोठ्याने म्हणणारा ‘वी’ लांबवतोच, छापलेलं काहीही असो. छापणाऱ्याची चूक गाणारा नकळत दुरुस्त करतो. कागदाचा आणि चालीचा झगडा लागला की चाल जिंकते, याचा इतका लहान आणि इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला सापडलेला नाही.

कोर्टापुढे काय आलं

कवन हे राजद्रोहाचा पुरावा म्हणून पहिल्यांदा आलं असं नाही. १८९७ मध्ये टिळकांवर जो खटला झाला त्यात ‘केसरी’तला ‘शिवाजीचे उद्गार’ हा पद्यलेख आरोपाचा भाग होता. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली आणि १८९८ मध्ये १२४ अ कलम आणखी रुंद करून घेण्यात आलं. तिथेही छापील अंक कोर्टापुढे होता.

बाबारावांचं अपील मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांच्यापुढे चाललं आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये फेटाळलं गेलं. कवनं देवांची आणि शिवाजीसारख्या वीरांची होती. हायकोर्टाचं म्हणणं असं की ही नावं नुसता बहाणा आहे; तलवार उचला आणि परकं, जुलमी सरकार उलथवा, हा खरा मजकूर. क्रांतिकारी कटांची चौकशी करणाऱ्या रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात हा उतारा दिला आहे आणि तो देताना, तो मराठी जाणणाऱ्या न्यायाधीशाचा आहे, हे मुद्दाम नोंदवलं आहे. सरकारला ते नोंदवावंसं वाटलं, कारण देशी भाषांतला मजकूर सरकारकडे एरवी जायचा तो भाषांतरकाराच्या हातून, इंग्रजी होऊन.

माझं स्पष्ट मत असं की चंदावरकरांनी अर्थ बरोबर ओळखला. देव आड होते. पुराणातल्या राक्षसाचं नाव घेऊन गोऱ्या साहेबाला ठोकायचं, हे तेव्हा कीर्तनात, नाटकात, मेळ्यात सर्रास चालत होतं आणि श्रोते ते जाणूनच टाळ्या देत. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात कीचक कोण हे पिटातल्या प्रेक्षकालाही ठाऊक होतं. ते नाटक १९१० मध्ये सरकारने बंद पाडलं. आडपडद्याची भाषा राज्यकर्त्यांना कळत नव्हती, या समजुतीत आपण स्वतःवर जरा जास्तच खूश असतो. कळत होती.

कोर्टाच्या हातात जे आलं नाही ते वेगळंच. चोपडीतले शब्द आले. ज्या झोक्यावर ते शब्द फिरत होते तो झोका आरोपपत्रात कसा घालणार? तो जप्त करायचा तर मनाचे श्लोकही जप्त करावे लागले असते. ही काही माझी शाब्दिक कसरत नाही. त्या काळच्या कुठल्याही पदांच्या चोपडीत पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असे, आणि ते अमुक म्हणजे दुसऱ्या एखाद्या गाण्याचे पहिले दोन शब्द. स्वरलिपी नाही, राग नाही, काही नाही. वाचणाऱ्याला ते दुसरं गाणं येतं हे गृहीत. एका गाण्याची किल्ली दुसऱ्या गाण्यात, त्याची तिसऱ्यात. आज त्या चोपड्या हातात घेतल्या तर शब्द सगळे वाचता येतात आणि गाणं एकही म्हणता येत नाही. पत्ता बिनचूक आहे, गाव उठून गेलंय. वृत्तबद्ध कवनाचं नशीब त्यातल्या त्यात बरं, कारण त्याची किल्ली त्याच्याच पोटात असते.

कारवाईची पद्धत पाहिली तरी हेच दिसतं. चोपडी जप्त करता येते, छापखान्याकडून तारण मागता येतं (१९१० च्या प्रेस कायद्याने ती सोय पक्की केली), प्रकाशकाला पकडता येतं. म्हणून पकडला गेला तो प्रकाशक. शब्द ज्याचे, त्या आबांपेक्षा कागद ज्याचा, ते बाबाराव काळ्या पाण्यावर गेले. गाणं तोंडी असतं तर गुन्हेगार कोण धरायचा, रचणारा, ओळ टाकणारा, की चौकातली वीस पोरं? कागद झाला आणि सरकारची अडचण दूर झाली. मग प्रश्न पडतो, छापलंच कशाला? तोंडी चाललं होतं ते काय वाईट होतं? उत्तर सोपं असावं. मेळ्याचं गाणं उत्सवाच्या दिवसांत, पोरांच्या पायांनी जाईल तिथवरच जातं. पुण्या-मुंबईला, कोकणात, वऱ्हाडात न्यायचं तर टपालाने जाईल असं काहीतरी लागतं. लांबचा पल्ला गाठण्यासाठी गाण्याने अंगावर कागद चढवला आणि त्या कागदानेच घात केला.

नाटकघर

१९०९ च्याच डिसेंबरची २१ तारीख. बाबारावांना ज्याने सेशनकडे पाठवलं तो नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. संस्कृतचा जाणकार म्हणून त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. त्याची बदली झाली होती, निरोपाचा प्रयोग विजयानंद नाट्यगृहात लावला होता. किर्लोस्कर मंडळींचं ‘शारदा’. तिथे अनंत कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. पुढे कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

मला इथे थांबावंसं वाटतं ते गोळ्यांपाशी नाही, नाटकापाशी. ‘शारदा’ देवलांचं, १८९९ चं, म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीचं. त्याची पदं घराघरांत गेलेली. तबकडी नसताना नाटकाचं पद घरात कसं जाई? नाटक कंपनी गावात महिना-महिना मुक्काम करी, नादिष्ट माणसं तीच नाटकं चार-चार वेळा पाहत, ‘वन्स मोअर’ने एकेक पद तीन-तीनदा म्हणवून घेत. तो वन्स मोअर आजच्या टीकाकारांना रसभंग वाटतो. अहो, तोच त्यांचा रेकॉर्डर होता. दोनदा ऐकून धृपद मिळे, तिसऱ्या वेळेला अंतरा. बाहेर नाटकाच्या पदांची चोपडी विकत मिळे आणि तिच्यातही पदाच्या डोक्यावर तेच, ‘चाल’. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटक उभं होतं ते साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीत, लावण्या आणि कानडी पदांच्या चालींवर. रंगमंचावरून आलेली चाल पुढच्या वर्षी मेळ्यात उतरे, तिथून भजनात, तिथून बारशाच्या पाळण्यात. प्रेमाची चाल पाळण्याला लागली म्हणून कोणाच्या भुवया उंचावत नसत.

तेव्हा नाशिकमध्ये त्या एका सालात दोन टोकांची गाणी होती, एक गल्लीतलं, सरकारने धरलेलं. दुसरं नाटकघरातलं, कलेक्टरच्या निरोपाला मांडलेलं. दोन्हींचा माल एकाच वखारीतला.

या वखारीवर कोणाचीच मालकी नव्हती, हे पुढे वीसेक वर्षांत याच गावाने दाखवलं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो १९३५ पर्यंत चालला. ज्या देवळात वर्षानुवर्षं कीर्तनं झाली त्याच्या दाराशी अस्पृश्य मानलेली माणसं उभी राहिली. त्या काळात आंबेडकरी जलसा उभा राहिला, आणि त्यात नाशिक जिल्ह्यातलेच भीमराव कर्डक आघाडीवर. जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला, ढोलकी, तुणतुणं, झील, सवाल-जवाब सगळं ठेवलं आणि आत मजकूर नवा भरला. आबांनी लावणीची चाल घेऊन साहेबाविरुद्ध वापरली होती. जलशाने तीच तऱ्हा गावकीच्या उतरंडीविरुद्ध वापरली. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १९२२, याच वाटेने आले आणि त्यांची गाणी तबकडी घरोघर पोचायच्या आधीच वस्त्यावस्त्यांत पाठ झाली. मेळ्याच्या इतिहासात जलसा घालत नाहीत आणि जलशाच्या इतिहासात मेळा. दोन्ही बाजूंच्या लोकांना ते आवडणार नाही, पण ओळ टाकणारा आणि ओढून घेणारी पोरं दोन्हीकडे सारखीच बसलेली आहेत.

सोसायटीतल्या त्या पोरांचं सांगायचं राहिलं. मी त्यांना खटल्याची गोष्ट थोडक्यात सांगितली, त्यांनी ती फारशी ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये क्रिकेट चाललं होतं. गॅलरीत कपडे काढताना कानावर आलं, रणावीण स्वातंत्र्य. श्लोकाचा सूर कुठेच नव्हता. टीव्हीवर तेव्हा सारखी लागणाऱ्या कुठल्याशा बिस्किटाच्या जाहिरातीची चाल होती. मी बोटांवर मोजून पाहिलं. ‘स्वातंत्र्य’वर जरा ओढाताण होत होती, पण चकलीवाल्याने तिथे एक टाळी घालून घेतली होती. बसत होतं.